आधीं मूठ, मग हंडी

पुष्कळ सद्गृहस्थ म्हणतात, "खर्च भागून कांहीं उरलें, तर देवाच्या कार्यास देऊं." परंतु उरत कांहींच नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. पौल प्रेषितानें करिंथ येथील मंडळीस निराळा मार्ग सांगितला. यरुशलेमांतील गरीब बंधुजनांकरितां प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या प्राप्तीच्या मानानें कांहीं वेगळें काढून ठेवावें, म्हणजे आयत्या वेळीं वर्गणीची धांवपळ नको.

हाच नियम मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनीं चुलीपाशीं नेला. तेथें १९१० सालापासून 'बुहफाई थाम', म्हणजे मूठभर तांदूळ, ही वहिवाट चालत आली आहे. स्वयंपाकाचे तांदूळ घेतांना गृहिणी एक मूठ निराळ्या भांड्यांत टाकते. मंडळीच्या स्त्रिया ते तांदूळ गोळा करतात व विक्रीचा पैसा सुवार्ताकार्यास लागतो. जिच्याजवळ रोकड नाहीं, तीहि अशा रीतीनें दात्री ठरते.

मूठ काढिल्यानें पानांतला घांस थोडा कमी होतो, हें खरें. पण उद्यांची भाकर देव देईल, असा विश्वास असल्यावांचून आजची मूठ सुटत नाहीं. विद्यार्थ्यांनो, खाऊच्या पैशांतून हा नियम आजच आरंभावा.