पाण्यात मासा, टेबलावर सोल्डरिंग गन

कुर्ल्याच्या बाजारातून माशांची पिशवी आणायची आणि लॅमिंग्टन रोडवरून सेन्सरची. कॉलेजातली कितीतरी मुलं-मुली हल्ली हे दोन्ही शौक एकत्र करतात, आणि फार छान करतात. नुसता एलईडी लुकलुकवून इलेक्ट्रॉनिक्सची गोडी दोन दिवस टिकते. त्याच बोर्डावर चार जिवांचं पाणी अवलंबून असलं, की प्रत्येक वायर नीट जोडावीशी वाटते. या जोडीतल्या काही भन्नाट गोष्टी ऐका.

स्पीकरवर ऐकू येणारा मासा

दुकानात ‘ब्लॅक घोस्ट’ नावाचा काळाभोर, पात्यासारखा चपटा मासा मिळतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो चोवीस तास, झोपेतसुद्धा, सेकंदाला साधारण हजार वेळा वीज सोडत असतो. अगदी क्षीण, बोट घातलं तरी कळणार नाही इतकी. तिच्यामुळे अंगाभोवती एक विद्युतक्षेत्र तयार होतं. त्यात दगड, अळी, दुसरा मासा, काहीही आलं तरी त्याला अंधारात समजतं.

सेकंदाला हजार म्हणजे आपल्या कानाला सहज ऐकू येणारा सूर! टाकीच्या दोन टोकांना दोन वायर सोडा, फक्त टोकांवरचं प्लास्टिक सोललेल्या. त्या एलएम386 चिपच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि पुढे स्पीकर लावा. सगळं बॅटरीवर, भिंतीतली वीज इथे अजिबात नको. टाकीतले पंप-दिवे क्षणभर बंद केलेत तर बारीक, अखंड ‘सूंऽऽ’ ऐकू येते. मासा वायरजवळ आला की आवाज वाढतो, लांब गेला की विरतो, पण सूर हलत नाही. आफ्रिकेतला ‘एलिफंट नोज’ ठेवलात तर सुराऐवजी टक-टक-टक ऐकू येईल. दोन ब्लॅक घोस्टचे सूर फारच जवळ आले, तर गोंधळ टाळायला सूर बदलूनही घेतला जातो. हे ऐकायला दोन मासे एका टाकीत मात्र ठेवू नका, भांडतात. आणखी एक, बोटाएवढा दिसला म्हणून दोन फुटी टाकीसाठी घेऊ नका. हा दीड फुटापर्यंत वाढतो. ज्या मित्राकडे मोठी टाकी आहे, त्याच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जा.

मासा आणि वीज हे नातं काही आजचं नाही. 1800 साली अलेस्सांद्रो व्होल्टाने जगातली पहिली बॅटरी जाहीर केली, तेव्हा विजेच्या माशाच्या अवयवाशी तुलना करून तिला त्याने कृत्रिम विद्युत अवयव म्हटलं होतं. उपकाराची परतफेड व्हायला 2019 उजाडावं लागलं. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी विजेच्या ईलची एक नवी जात वेगळी ओळखली आणि तिला व्होल्टाचं नाव दिलं. तिचा मोजलेला झटका 860 व्होल्टचा! आपल्या घरातल्या प्लगमध्ये असतात 230. अमेरिकेतल्या टेनेसी अ‍ॅक्वेरियममध्ये त्याच वर्षी मिगेल वॅटसन नावाच्या ईलच्या झटक्यांवर ख्रिसमस ट्रीचे दिवे लुकलुकवले होते. दिव्यांची वीज नेहमीचीच होती. ईलच्या टाकीतले सेन्सर फक्त ताल देत होते.

पाणी खरंच 85 अंश झालं?

नव्या हौशी मंडळींना हमखास घाम फोडणारा आकडा. टाकीचं तापमान मोजायला सगळे डीएस18बी20 वापरतात. स्टीलच्या नळीत बंद केलेला, थेट पाण्यात बुडवता येणारा छोटा सेन्सर. प्रत्येकात कारखान्यातच कोरलेला 64 बिटांचा वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे एकाच वायरवर पाच-दहा सेन्सर जोडले तरी कोण बोलतंय ते कळतं. डेटाच्या आणि पॉवरच्या वायरमध्ये 4.7 किलोओहमचा एक रेझिस्टर घालायचा, की झालं.

आणि मग एके दिवशी पडद्यावर 85 येतं. मासे मजेत फिरताहेत! घाबरू नका. वीज चालू झाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत या चिपच्या पोटात 85 हाच आकडा असतो, आणि मोजायला तिला पाऊण सेकंद लागतो. त्याआधी विचारलंत, किंवा तिला वीज नीट मिळाली नाही, तर 85 पुढे येतो. याहून धोक्याचा आकडा म्हणजे उणे 127. वायर निसटली की आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी हा आकडा देते. आता विचार करा: कोडमध्ये ‘26 च्या खाली गेलं की हीटर लाव’ एवढंच लिहिलं असेल, तर एक सैल वायर हीटर रात्रभर चालू ठेवेल. म्हणून अशक्य आकडा आला की हीटर बंद करून बझर वाजवायचा, ही ओळ सगळ्यात आधी लिहा. शिवाय हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट कधीकधी चिकटून बसतात, तेव्हा हीटरमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट हवाच.

पंख्याची करामत

आपल्याकडे खरा प्रश्न हीटरचा नाही, मे महिन्याचा आहे. 25 अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला 7.6. पाणी तापलं की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, ते यामुळेच. उपाय स्वस्त आहे: जुन्या कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका लावा. माठात जे घडतं तेच इथे घडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात 50 लिटर पाणी हिशेबाने 11 अंशांहून जास्त थंड व्हायला हवं. खोलीची उष्णता परत येत राहते म्हणून हाती दोन-तीन अंशच लागतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत जरा जास्त, कोकणच्या दमट हवेत कमी. तेवढेही पुष्कळ झाले.

गोल्डफिशच्या हाती स्टिअरिंग

इस्राएलमधल्या बेन-गुरिअन विद्यापीठात सहा गोल्डफिशना चक्क गाडी चालवायला शिकवलं. चाकांवर टाकी, वर कॅमेरा आणि हौशी पोरं वापरतात तोच रास्पबेरी पाय कॉम्प्युटर. मासा ज्या कडेला जाऊन बाहेर तोंड करेल, त्या दिशेला गाडी जायची. गुलाबी पाटीला धडकलं की खाऊ! मासे शिकले, आणि वेगळ्या जागेवरून सुरुवात केली तरी पाटी शोधू लागले. हा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

जपानमधल्या एका यूट्यूबरच्या माशांनी तर कमालच केली. त्यांच्या पोहण्यावरून व्हिडिओ गेमची बटणं दाबली जात. 2023 च्या जानेवारीत गेम मध्येच बंद पडला, मासे पोहतच राहिले आणि मालकाच्या क्रेडिट कार्डावर 500 येनची खरेदी झाली.

टाकीतून चोरी

2017 मध्ये सायबर सुरक्षा कंपनी डार्कट्रेसने उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोची हकिगत सांगितली. तिथल्या शोभेच्या टाकीतली यंत्रणा इंटरनेटला जोडलेली होती. चोर तिच्यातून आत शिरले आणि 10 जीबी डेटा फिनलंडला पोहोचला. घरची टाकी वायफायवर टाकणाऱ्यांनो, पासवर्ड बदलला का?

सेन्सरला न दिसणारे कामकरी

नव्या टाकीत मासे पटापट मरतात, त्यामागे बहुतेक वेळा अमोनिया असतो. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून तो होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि कुठलाही कोड ते काम घाईने उरकू शकत नाही. ही दोन कामं दोन वेगळे जीवाणू करतात, असं शंभरावर वर्षं मानलं जायचं. 2015 मध्ये दोन्ही एकट्याने करणारे जीवाणू सापडले, आणि त्यातला एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता! स्पंज नळाखाली धुऊ नका; क्लोरीनने ही वस्ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.

आपल्या डोंगरातलं नाव

लाल पट्टा मिरवणारा ‘मिस केरळा’ मासा जगभरच्या टाक्यांमध्ये फिरतो, पण तो पश्चिम घाटातल्या नद्यांचा. 2013 मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजाती ठरली आणि तिचं नाव ठेवलं ‘सह्याद्रिया’. ते ठरवणाऱ्यांत पुण्याच्या आयसरमधले शास्त्रज्ञही होते. नदीत तो आता संकटात आहे, तेव्हा घ्यायचाच तर पैदास केलेला घ्या.

आता वायरकडे

टाकीतून निघालेली प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो, प्लगमध्ये जात नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. सेन्सर आणि बोर्ड 5 किंवा 12 व्होल्टवरच ठेवा. आणि आज घरी गेल्यावर मीटरबोर्ड उघडून पाहा: 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, आहे का? असेल तर तिचं ‘टेस्ट’ बटण दाबून ती पडते का बघा. नसेल, तर पुढचा सेन्सर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.