रंग धुतला, तरी विष जात नाही

पेरणी उरकली की पिशवीच्या तळाशी पसाभर बी उरतंच. मक्याचं, बाजरीचं, लाल-गुलाबी रंगाचं. "फेकायचं कशाला? धुऊन कोंबड्यांना टाकू," असं घरात कुणीतरी म्हणतं. इथंच फसगत होते.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' सुरू केली आणि जालन्याचे नाव बियाण्यांसाठी देशभर झाले. बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळतात, त्यासोबत कृत्रिम रंगही लावतात. तो शोभेसाठी नव्हे. हे खाण्याचे धान्य नाही, हे नजरेला कळावे म्हणून. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार अशा पिशवीवर 'खाद्य, चारा किंवा तेलासाठी वापरू नये' ही सूचना द्यावीच लागते.

१९७१-७२ मध्ये इराकात पाऱ्याचे औषध लावलेले गव्हाचे रंगीत बियाणे लोकांनी दळून खाल्ले. काहींनी आधी धुतलेही. रंग गेला, पारा राहिला. ६,५३० जण दवाखान्यांत दाखल झाले, ४५९ दगावले.

रंगाचेही तसेच. खाद्यपदार्थांत कायद्याने आठच कृत्रिम रंग चालतात, तेही ठराविक पदार्थांत आणि प्रमाणात. बियाण्याला वापरला जाणारा गुलाबी रोडामाईन-बी त्यांत नाही. 'म्हातारीच्या केसां'त तो सापडल्याने २०२४ मध्ये तमिळनाडूने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

तेव्हा उरलेलं बी मूळ पिशवीतच, लेकरं-जनावरांपासून दूर ठेवा. रिकामी पिशवी दाणागोट्याला वापरू नका. कुणाच्या खाण्यात गेलंच, तर पिशवीसकट दवाखाना गाठा. औषधाचं नाव तिच्यावरच असतं.