किक-ऑफ : फुटबॉलमधील पहिला फटका

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आणि गोदामांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. काल्हेर, राहनाळ, माणकोली या पट्ट्यात शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली आणि मुलांच्या वाट्याची मोकळी जागा आक्रसली. अशा भागात फुटबॉल शिकविणाऱ्या शिक्षकास पूर्ण लांबीरुंदीचे मैदान क्वचितच लाभते. तथापि या खेळाचे एक अंग थोड्या जागेतही घोटून घेता येते. ते म्हणजे किक-ऑफ. मध्यवर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर असते. खुंटीस तेवढी सुतळी बांधून फक्कीने वर्तुळ आखले की सरावाची सोय झाली.

सामन्याच्या व उत्तरार्धाच्या आरंभी, जादा वेळेच्या दोन्ही भागांत आणि प्रत्येक गोलनंतर किक-ऑफ घेतली जाते. फटका मारणाऱ्याखेरीज सर्व खेळाडू आपापल्या अर्ध्या भागात असावे लागतात व प्रतिपक्षाने चेंडूपासून ९.१५ मीटर दूर राहावयाचे असते. पूर्वी पहिला फटका पुढच्याच दिशेने मारावा लागे. २०१६ साली हे बंधन उठले आणि चेंडू कोणत्याही दिशेस मारण्यास मोकळीक मिळाली. शालेय सामन्यांत पंचाचे काम बहुधा शिक्षकांकडेच येते. जुना नियम मनात धरून चेंडू मागे दिल्याबद्दल त्यांनी किक-ऑफ पुन्हा घ्यावयास लावली, तर योग्य खेळणाऱ्या मुलांवर तो अन्यायच होय. नाणेफेकीचा नियमही २०१९ पासून बदलला आहे. जिंकणाऱ्या संघास आता बाजू किंवा किक-ऑफ यांपैकी एकाची निवड करता येते. किक-ऑफवरून थेट गोल करण्यास १९९७ पासून मुभा आहे. मात्र फटका मारणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा स्पर्श होण्यापूर्वी चेंडूस पुन्हा स्पर्श केल्यास प्रतिपक्षास अप्रत्यक्ष फ्री किक मिळते.

डावपेचांचा विचार केल्यास मुख्य प्रश्न एकच उरतो : चेंडू आपल्याकडे ठेवावयाचा की मैदानाचा पुढचा भाग काबीज करावयाचा? चेंडू मागे मधल्या फळीकडे द्यावा, तेथून बचावफळीकडे न्यावा आणि प्रतिपक्ष धावून पुढे आला की त्याच्या मागे पडलेल्या मोकळ्या जागेत तो सोडावा, ही पहिली रीत. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात म्युनिक येथे हॉलंडने किक-ऑफपासून चेंडू आपसात असा फिरविला की पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा त्यास स्पर्श होण्यापूर्वी क्रायफला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली व नेस्केन्सने गोल केला. (सामना अखेर जर्मनीनेच २-१ असा जिंकला, ही गोष्ट वेगळी.)

दुसऱ्या रीतीत तीन-चार खेळाडू एका बगलेस मध्यरेषेलगत उभे राहतात. चेंडू मागे येतो व तेथून त्याच बगलेस लांब धाडला जातो. तो पहिल्या झेपेत आपल्याला मिळाला नाही तरी चालते. प्रतिपक्षाच्या कोपऱ्याजवळ सर्वांनी मिळून तो हिसकावून घ्यावयाचा असतो. अलीकडे काही युरोपीय संघ चेंडू मुद्दाम दूरवर बाजूरेषेबाहेर मारून प्रतिपक्षाला त्याच्याच टोकाशी थ्रो-इन घ्यावयास लावतात. वरकरणी हा वेडेपणा वाटतो, पण त्यात हिशेब आहे. लांब फटक्यास पायात बळ लागते, म्हणून लहान वयोगटात पहिली रीतच आधी शिकवावी.

भिवंडी ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नेरूळच्या मैदानावर २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबर रोजी राज्यभर विद्यार्थ्यांच्या हाती फुटबॉल देणारा ‘मिशन वन मिलियन’ उपक्रमही राबविण्यात आला.

सरावात सर्वाधिक लक्ष द्यावे ते गोल खाल्ल्यानंतरच्या किक-ऑफकडे. त्या क्षणी मुले एकमेकांवर चिडलेली असतात. जाळ्यातून चेंडू उचलून एकजण घाईने वर्तुळाकडे धावतो आणि कोणी जागेवर येण्यापूर्वीच फटका मारू पाहतो. पहिला फटका कोण मारणार, तो कोणाकडे जाणार व तिसरा खेळाडू कोठे धावणार, हे तिघांना सामन्यापूर्वीच नेमून दिलेले असावे. सहा मुले, एक चेंडू आणि ते सुतळीचे वर्तुळ एवढ्यावर हा सराव होतो. तिघे किक-ऑफ घेतात, तिघे वर्तुळाबाहेरून चेंडूवर धाव घेतात.