ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा ठेवताना
खरिपाची पेरणी आटोपली की अनेकांचा ट्रॅक्टर शेडमध्येच उभा राहतो. अशा वेळी डिझेलची टाकी जवळपास पूर्ण भरून ठेवा. पैसे अडकतात खरे. पण अर्धवट टाकीतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते, पुढे पंप व नोझल गंजतात आणि तो खर्च बराच मोठा असतो. काळे पडलेले इंजिन ऑइल आधीच बदला. बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम काढावी. क्लच पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवा, नाहीतर प्लेट चिकटते. अधूनमधून दोन मिनिटे इंजिन चालवून लगेच बंद करू नका. ते पुरेसे तापत नाही, ओलावा आतच राहतो. सायलेन्सरवर डबा पालथा घाला, मात्र सुरू करण्यापूर्वी आठवणीने काढा.