खोक्यातून आलेली गिटार

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आले, पण शहर तिथे त्याआधीच पोचले होते. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ज्या परिसरात आहेत, त्याच परिसरातल्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि सोसायट्यांच्या मागोमाग मुलांचे क्लास आले. शेजारी हडपसरला, अमनोराच्या आवारात, काही वर्षे एनएच७ वीकेंडर भरत असे. २०१० साली पुण्यातच सुरू झालेल्या या महोत्सवात इथल्या तरुणांनी गिटार समोर बसून ऐकली. गिटारला या बाजूला गिऱ्हाईक नाही, असे म्हणता येणार नाही. तरीही अशा उपनगरात वाढणाऱ्या मुलीची पहिली गिटार आता बहुधा मोबाइलवरून मागवलेली असते. कुरिअरवाला खोके देऊन जातो आणि त्या गिटारीच्या तारा पहिल्यांदा छेडते ती मुलगी, जिला अजून काहीच वाजवता येत नाही. वाद्यांची दुकाने कमी होत आहेत याची हळहळ अनेकांना वाटते. मला त्यात खरे नुकसान दिसते ते एवढेच, आणि ते मोठे आहे: वाद्य आणि शिकणारा यांच्यामध्ये जो जाणता हात असायचा, तो आता मध्ये उरलेला नाही.

गिटारच मागे पडली म्हणून दुकाने बसली, हे स्पष्टीकरण पुराव्यापुढे टिकत नाही. २०१८ च्या मे महिन्यात गिब्सन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा इलेक्ट्रिक गिटारचा काळ संपल्याचे अमेरिकेत बोलले जात होते. दोनच वर्षांनी, टाळेबंदीत, घरी अडकलेल्या लोकांनी इतकी वाद्ये घेतली की फेंडर कंपनीसाठी २०२० हे तोवरचे सर्वांत मोठ्या विक्रीचे वर्ष ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात गिटार सेंटर या तिथल्या सर्वांत मोठ्या दुकानसाखळीने दिवाळखोरीत संरक्षण मागितले. १९२४ साली सुरू झालेल्या सॅम ॲशने तर शंभरीच्या वर्षीच, २०२४ मध्ये, सगळी दुकाने बंद केली. वाद्य खपते आहे आणि दुकान बुडते आहे, अशी ही गोष्ट आहे. मात्र तिचा आणखी एक भाग आहे. नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात, असे फेंडरचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी सांगत असत. विकणाऱ्यानेच दिलेली ही कबुली आहे.

लोक गिटार का सोडतात? चिकाटी नसते, वेळ नसतो, ही कारणे खरी आहेत. पण एक कारण लाकडात आणि तारेतही आहे. स्वस्त गिटारीत तारा फ्रेटपासून नको तितक्या उंच असतात. पहिल्या पट्टीतला एफ धरताना बोटांना वळ पडतात, सूर तरीही चढाच लागतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्या हातातच काही नाही. हा दोष अर्ध्या-पाऊण तासात काढता येतो. नटच्या खाचा खोल करायच्या, ब्रिजवरची सॅडल थोडी घासायची, मानेतला ट्रस रॉड फिरवून मानेचा बाक नीट करायचा. शिवाय पुण्याची हवा आहे. एप्रिलमध्ये लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बोटांना खुपू लागतात. पावसाळ्यात वरची फळी फुगते, तारा आणखी उंचावतात. एकदा लावलेली गिटार कायमची लागत नाही. म्हणून ऋतू बदलला की ती घेऊन जाता येईल, अशी जागा घराजवळ हवी.

अशी जागा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायची गरज नाही. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा चालत आली. पंढरपूरकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि घोडीवर जवारी काढणारा कारागीर, हे सगळे एकाच गल्लीत. तिथे घडवणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा असे तीन वेगळे लोक नाहीत. तंबोरा घेणारा गवई सूर ऐकतो, जवारी बारीक करून मागतो आणि काही वर्षांनी तोच तंबोरा पुन्हा तिथेच आणतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्यात नवी पिढी येईना, ही काळजी तिथेही आहे. पण मिरजेचा कारागीर कुरिअरने हटवता येत नाही. गिटारचे आपल्याकडे असे झाले नाही. धोबी तलावच्या फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची पेढी असो की मुंबईतलीच १९२५ ची हरिभाऊ विश्वनाथ कंपनी, मोठ्या नावांमागे जाणकारी होती. गावोगावच्या बहुतेक दुकानांत मात्र गिटार बाहेरून तयार यायची, भिंतीला टांगली जायची आणि तशीच विकली जायची. केवळ टांगून विकायचे, तर ते काम गोदाम अधिक स्वस्तात करते. (जगभरच्या गिटारींच्या फिंगरबोर्डाला आपल्या सह्याद्री-निलगिरीकडची शिसव लागते, ही गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. लाकूड आपले, पण ते लावणारा हात आपण फारसा घडवला नाही.)

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. जुनी दुकाने सगळ्यांची नव्हती. इंग्रजी न येणारा मुलगा, मुली, चार हजारांच्या वर जाऊ न शकणारे पालक, यांना काउंटरवर नेहमीच मान मिळाला असे नाही. मोबाइलने ती दारे उघडली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार घेणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत, असे फेंडरच्याच पाहणीत २०१८ मध्ये दिसले. यूट्यूबवर फुकट शिकवणारे उत्तम शिक्षक आहेत. ऐंशीच्या दशकात लीड गिटारवरचा झगमगता तुकडा ही वादकाची परीक्षा होती. आज कॅपो लावून चार कॉर्डवर स्वतःचे गाणे म्हणणारी मुलगीही गिटारवादकच आहे, आणि हा बदल मला मनापासून आवडतो. पण पडद्यावरच्या शिक्षकाला समोरच्या गिटारीची मान वाकलेली दिसत नाही. दारे उघडल्याने आत येणारे वाढले. आत आल्यावर हातात पडणारे वाद्य चांगले असण्याची हमी त्याने मिळालेली नाही. ज्या घरातून कोणी याआधी गिटार वाजवली नाही, त्या घरालाच ही हमी सर्वांत जास्त हवी असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मांजरीसारख्या ठिकाणच्या गाळ्याचे भाडे तारा आणि पिक्स विकून निघणार कसे? विक्रीच्या नफ्यावर नाहीच निघणार. म्हणून कारागिराने आपल्या कामाचे दाम उघड मागावेत आणि पालकांनी ते द्यावेत. ऑनलाइन घेतलेल्या गिटारीवर वाचलेल्या पैशांतले काही शे रुपये ती लावून घेण्यात गेले, तर तो व्यवहार तोट्याचा नाही. त्याला मोठे दुकानही लागत नाही: एक टेबल, कानस, फीलर गेज, सरसाचा डबा आणि आठवड्यातले ठरलेले दोन दिवस. सोसायट्यांमधल्या गिटार क्लासच्या शिक्षकांनी मिळून असा एक कारागीर बांधून घेतला, तर नव्या विद्यार्थ्याची गिटार पहिल्या धड्याआधी त्याच्याकडून जाऊ शकते, आणि जूनमध्ये पुन्हा एकदा.