साठ हजारांची पुडी

केमिस्टकडे मिळणारी ड जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल सहसा 60,000 युनिटची असते. ती साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची. रोजच्या गोळीसारखी नव्हे. हे जीवनसत्त्व मुळात संप्रेरकाच्या जातीचं. त्वचेत उन्हाने तयार होतं, यकृतात बदलतं आणि मूत्रपिंडात त्याला कामाचं रूप येतं. मग ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. चरबीत विरघळत असल्याने ते जेवणानंतर घेतलेलं बरं. पण त्याच गुणामुळे जास्तीचं लघवीवाटे निघून न जाता अंगात साठतं. पुडी चुकून रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडाला इजा.

उन्हाचं म्हणाल, तर सकाळचं कोवळं ऊन सुखाचं खरं, पण लागणारे अतिनील-बी किरण त्यात फार कमी असतात. ते दुपारच्या आसपास जास्त, आणि खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाहीत.

केसांसाठीच्या गोळ्यांची गंमत वेगळी. त्यांतल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे काही लॅबमधल्या थायरॉइड चाचणीत टीएसएच खोटंच कमी दिसतं, आणि धडधाकट माणसाला थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसू शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी; डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावं. लॅबवाले आपणहून क्वचितच विचारतात.