गाडीची ऐपत आणि डोंगराची वाट

पावसाळा ओसरला की शनिवारच्या पहाटे पुण्या-मुंबईहून सह्याद्रीकडे आणि मे-जूनच्या सुट्टीत दिल्ली-चंदीगडहून हिमालयाकडे गाड्यांची रीघ लागते. एकेकाळी डोंगरयात्री एस.टी.ने अथवा गावच्या जीपने पायथ्याच्या वाडीपर्यंत पोहोचत असे. आज अनेक कुटुंबांपाशी स्वतःचे वाहन आहे आणि सोयीच्या वेळी निघण्याचे स्वातंत्र्यही आहे. तथापि पायथ्याचे गाव जवळ येताच डांबर संपते, मुरमाची वा दगडगोट्यांची वाट सुरू होते आणि चालकासमोर प्रश्न उभा राहतो : ही गाडी पुढे जाईल काय?

वस्तुतः हा प्रश्नच अपुरा आहे. कर्ज मंजूर करताना बँक अर्जदाराची पैसे घेण्याची नव्हे, तर ते फेडण्याची क्षमता पारखते. डोंगरवाटेवरही गाडी जाईल काय यापेक्षा ती परत येईल काय, हे पाहणे अगत्याचे असते. उतारावरून घरंगळत खाली गेलेली गाडी रात्रीच्या एका सरीनंतर तोच उतार चढू शकत नाही. सकाळी घोटाभर असलेला ओढा संध्याकाळी गुडघ्यापार जातो. म्हणून गाडीची ऐपत मोजायची ती परतीच्या वाटेवर.

वाटेची जात ओळखावी

सर्वच पायथे सारखे नसतात. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी किंवा राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे येथवर डांबरी रस्ता जातो आणि लहान मोटारही सहज पोहोचते. याउलट हर-की-दूनच्या वाटेवर सांकरीहून तालुका या गावाकडे जाणारा सुमारे १२ किलोमीटरांचा रस्ता ओढे-नाले ओलांडत अरण्यातून जातो. तेथे स्थानिक जीपच बऱ्या.

मातीही निरनिराळी असते. सह्याद्रीतील मुरूम कोरडा असताना चाकांना साथ देतो, परंतु पावसानंतर त्यावर घसरण होते. काळी चिकणमाती टायरच्या खाचांत बसून त्यांना गुळगुळीत करते. हिमालयातील सुटी खडी व अणकुचीदार दगड टायरची बाजू कापतात. मुक्कामाची सहल असेल तर जातानाची नव्हे, तर भिजलेली वाट डोळ्यांसमोर आणून निर्णय घ्यावा. वाट कशी आहे हे गावातील दुधाची अथवा प्रवासी गाडी चालवणाऱ्यास विचारावे आणि ‘गाडी जाते का?’ असे न विचारता ‘कोणती गाडी जाते, आणि पाऊस पडल्यावर जाते का?’ असे विचारावे.

जमिनीपासूनची उंची

गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे, या मापास ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. लहान मोटारींत ते साधारण १६० ते १७० मिलिमीटर, तर डोंगरवाटांसाठी बनवलेल्या गाड्यांत २०० मिलिमीटर किंवा अधिक असते. तथापि माहितीपत्रकातील आकडा पुष्कळदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि डिकीत पाठपिशव्या भरल्या की स्प्रिंगा दबतात आणि गाडी काही सेंटिमीटर खाली बसते.

यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी गाडी सहलीला जाताना भरते तशी भरून सपाट जागी उभी करावी आणि खालचा सर्वांत लोंबता भाग मोजपट्टीने मोजावा. त्याच वेळी स्वतःच्या हाताची वीत किती सेंटिमीटरांची आहे, हेही मोजून ठेवावे. प्रौढ माणसाची वीत बहुधा २० सेंटिमीटरांच्या आसपास असते. वाटेच्या मध्यभागी वीतभर उंचीचा दगड दिसला, तर लहान मोटार त्यावरून जाणार नाही, हे खाली उतरून क्षणात कळते.

उंचीइतकीच लांबीही महत्त्वाची आहे. पुढील व मागील चाकांतील अंतर जितके जास्त, तितके उंचवट्यावर पोट टेकण्याचे भय अधिक. म्हणूनच आखूड गाडी जेथून निभावते, तेथे तेवढ्याच उंचीची लांब गाडी अडकते. पुढचा बंपर फार पुढे आलेला असेल तर तो नाल्याच्या काठावर आधी आपटतो.

चारही चाके आणि पकड

चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी असल्यास सर्व काही साध्य होते, असा समज रूढ आहे. तो अर्धसत्य आहे. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळते. चढावर वजन मागे सरकते, पुढील चाके हलकी होतात आणि सुट्या खडीवर जागच्या जागी फिरू लागतात. मागील चाकांना शक्ती मिळणारी, माणसांनी भरलेली जीप त्याच चढावर सुखाने जाते, कारण भार नेमका चालत्या चाकांवर पडतो. खड्ड्यात एक चाक अधांतरी झाले की साध्या रचनेच्या गाडीत शक्ती त्या मोकळ्या चाकाकडेच वाहून जाते आणि जमिनीवरील चाक हतबल राहते.

चारचाकी शक्तीच्या काही गाड्यांत अत्यंत मंद गतीचा वेगळा गिअर असतो. चढावर तो क्लच न जाळता गाडी इंचाइंचाने नेतो आणि उतारावर इंजिनाकरवी तिला रोखून धरतो. दार्जिलिंगजवळील मानेभंज्यांगहून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूकडे जुन्या लँड रोव्हर गाड्या अनेक दशके चढल्या, त्यामागे हेच गुण होते : आखूड बांधा, भरपूर उंची, मंद गिअर आणि प्रत्येक वळण पाठ असलेला चालक. यांतील चौथा गुण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

टायर आणि स्टेपनी

डोंगरात गाडी थांबते ती बहुधा इंजिनामुळे नव्हे, तर टायरमुळे. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. मात्र मातीच्या वाटेसाठी ती ३ मिलिमीटरांहून कमी असू नये. टायरच्या बाजूवर फुगवटा किंवा चीर असल्यास त्या टायरने डोंगर चढूच नये.

स्टेपनीकडे विशेष लक्ष हवे. अनेक नव्या गाड्यांत ती मूळ टायरपेक्षा बारीक असते, तर काहींत तिच्याऐवजी केवळ पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असतो. खिळ्याने पडलेले भोक या संचाने बुजते, परंतु दगडाने कापलेली टायरची बाजू बुजत नाही. अशा गाडीने दुर्गम वाटेस जाणे म्हणजे हाती शिल्लक न ठेवता व्यवहार करणे होय. जॅक टेकवण्यासाठी जाड फळी सोबत असावी, कारण मऊ जमिनीत जॅकच रुततो.

उताराची परीक्षा

चढ गाडीची शक्ती पाहतो, उतार चालकाची समज पाहतो. माणसे व सामानासह १,४०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेने २४ लिटर साधे पाणी उकळीला येईल. केवळ ब्रेक दाबत उतरल्यास यातील बहुतांश उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत जाते. प्रथम करपट वास येतो, पुढे ब्रेकची पकड मंदावते, आणि अखेरीस ब्रेकचे तेल उकळून पायाखालचे पेडल पोकळ लागते.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकले पाहिजे, असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलणे हिताचे. ज्या गिअरमध्ये चढण चढली त्याच गिअरमध्ये उतरावे आणि इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा मोह टाळावा. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी, हा नियमही आहे आणि शहाणपणही.

पाणी आणि विरळ हवा

ग्रांफू-बातल मार्गाने चंद्रतालकडे जाणाऱ्यांस हिमालयातील नाल्यांचा परिचय होतो. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि पाणी चढते. म्हणून असे नाले सकाळी लवकर ओलांडण्याची रीत आहे. आधी काठीने तळ चाचपावा. पाणी चाकाच्या निम्म्यावर असेल किंवा प्रवाह जोराचा असेल तर थांबावे. हवा घेण्याच्या नळीतून पाणी इंजिनात शिरले तर पाणी दाबले जात नसल्याने आतील दांडे वाकतात. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

हवा विरळ झाली की इंजिनाची शक्तीही उणावते. ४,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो. टर्बो नसलेले इंजिन त्याच प्रमाणात दुबळे होते. मुंबईत उड्डाणपूल चढताना धापा टाकणाऱ्या भरल्या गाडीकडून ४,५०० मीटरांहून उंच कुंझुम खिंडीची अपेक्षा धरणे व्यवहार्य नव्हे.

विम्याची अट

गाडी विमा उतरवलेली आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान सामान्य वाहन विम्यात बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड स्वतंत्रपणे घ्यावी लागते. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने घेतल्यास विम्याचे संरक्षण धोक्यात येते. म्हणून भाड्याची जीप पिवळ्या पाटीचीच असावी. पॉलिसीतील अपवादांचे पान सहलीआधी एकदा वाचणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

थांबण्याचे ठिकाण

शंका असलेल्या वाटेवर एक साधा क्रम पाळावा. डांबर संपते तेथे गाडी उभी करावी आणि पुढील काही अंतर पायी जाऊन पाहावे. चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : गाडी वळवण्यास जागा आहे काय, समोरून वाहन आल्यास वाट देता येईल काय, पाऊस झाल्यास हा चढ चढता येईल काय, आणि गाडी अडकल्यास मदत किती दूर आहे? एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर गाडी गावातच ठेवावी. सोबतच्या मंडळींच्या उत्साहापेक्षा चालकाचा नकार वरचढ मानावा, हे घरून निघतानाच ठरलेले असावे.

गावात गाडी ठेवून स्थानिक जीपने जाण्यास काही शे अथवा हजार रुपये लागतील. फुटलेला तेलाचा तबक, जळलेला क्लच किंवा दरीकाठी काढलेली रात्र यांच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे, शिवाय तो पायथ्याच्या गावातील एखाद्या घराला हातभार लावतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण संसाराइतकीच डोंगरवाटेलाही लागू पडते. गाडी जेथे थांबते तेथून पुढे चालण्यासाठीच तर माणूस डोंगराकडे आलेला असतो. एक-दोन किलोमीटर अधिक चालावे लागले, तर सहल तेवढीच लांबते. आणि संध्याकाळी थकून उतरलेल्या मंडळींना घरी नेणारी गाडी गावात धडधाकट उभी असते.